डाव्या सीटवरची शाळा

ठण्. ठण्. ठण्. भद्द.

पहाटेचे पाच वाजलेत. पेठ नाक्याजवळच्या धाब्यावर एक दहाचाकी ट्रक उभा आहे. आत सांगलीची हळद, वर करकचून आवळलेली ताडपत्री. अठरा-एकोणीस वर्षांचं एक पोरगं हातात लाकडी दांडकं घेऊन गाडीभोवती फिरतंय आणि एकेका टायरवर ठोका मारतंय. ड्रायव्हर बाजूला चूळ भरतोय. त्याची नजर पोराकडे नाही, पण कान आहे. चौथ्या ठोक्याला आवाज बदलतो आणि तो पाठमोराच म्हणतो, "आतला बसलाय. जॅक काढ."

न बघता कसं कळलं? त्याहून गमतीचा प्रश्न असा, की बघून का कळत नाही?

दहाचाकीची रचना आठवा. पुढे दोन टायर, मागे दोन आस आणि प्रत्येक आसावर चार-चार. हे चार टायर जोडीनं बसवलेले असतात, एकाला एक खेटून. आता जोडीतल्या आतल्या टायरची हवा गेली, तर काय दिसेल? काहीच नाही. बाहेरचा टायर दोघांचंही ओझं मुकाट्यानं उचलतो. गाडी कलत नाही, टायर चेपलेला दिसत नाही. फक्त तो बिचारा दुप्पट भाराखाली तापत जातो आणि आतला टायर घासत, चुरगळत राहतो. पुढे केव्हातरी भर हायवेवर धडाका होतो, कधी टायर पेटही घेतो. आणि ओझं थोडंथोडकं नाही. २०१८ साली केंद्र सरकारनं दहाचाकीची एकूण वजनमर्यादा २५ टनांवरून २८.५ टनांवर नेली. २८ हजार ५०० किलो, दहा रबरी पायांवर.

डोळ्याला न दिसणारी ही गोष्ट कानाला कळते. भरलेल्या टायरची कातडी ताणलेल्या हलगीसारखी असते, ठोका खणखणीत परत येतो. हवा गेलेला टायर ओल्या हलगीसारखा आवाज गिळून टाकतो. लाकडाचं एक दांडकं आणि एक तयार कान, एवढीच या तपासणीची यंत्रसामग्री.

हे पोरगं म्हणजे गाडीचा क्लीनर. आपल्याकडच्या तोंडी रुळून रुळून या शब्दाचा 'किन्नर' झाला. पुराणातले किन्नर म्हणजे स्वर्गातले गवई. गाडीवरच्या किन्नराचंही पहिलं भांडवल कानच असावेत, हा योगायोग मला फार आवडतो.

त्याच्याकडे नीट बघा, कारण तुम्ही एका शाळेकडे बघताय. तिला इमारत नाही, घंटा नाही, फळा नाही. ती ताशी ५०-६० किलोमीटर वेगानं पळते. सातारा-सांगलीच्या मातीतले लांब पल्ल्याचे कितीतरी ड्रायव्हर याच शाळेत घडले, गाडीच्या डाव्या सीटवर. किन्नर ड्रायव्हरला 'वस्ताद' म्हणतो, थेट तालमीतल्यासारखा. आणि शिकवणीही तालमीसारखीच. तालमीत नव्या पोराला पहिल्या दिवशी डाव कोण शिकवतं? आधी हौद्यातली माती उकरायची, ती मळायची, वस्तादाचे पाय चेपायचे. इथंही तसंच आहे. आधी काच पुसायची, पाणी भरायचं, दांडकं मारायचं. स्टिअरिंगला हात लावायची गोष्ट फार पुढची.

मग तोवर हा शिकतो तरी काय?

पहिला धडा डोळ्याचा. आपल्याकडे ड्रायव्हर उजव्या बाजूला बसतो. एवढ्या रुंद, एवढ्या उंच गाडीत त्याच्या डाव्या अंगाला एक मोठा आंधळा कोपरा तयार होतो. दाराला चिकटून चाललेली अख्खी मोटारसायकल त्यात गडप होऊ शकते. आरसे आहेत, पण तेही सगळं दाखवत नाहीत. तिथं किन्नर हा ड्रायव्हरचा डावा डोळा होतो. अरुंद गल्लीत गाडी मागं घेताना तो खाली उतरतो आणि पत्र्यावर थापा मारतो. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. एसटीच्या घंटीचं व्याकरण हुबेहूब हेच. शेकडो वेळा अशी गाडी मागं घेतल्यावर काय होत असेल? गाडीची लांबी-रुंदी त्याच्या अंगात उतरते. आपल्याला अंधारात स्वतःचा कोपर कुठं आहे हे कळतं ना, तसा त्याला गाडीचा मागचा कोपरा कळायला लागतो.

दुसरा धडा दोराचा. हळदीला पाणी लागलं की बुरशी आलीच, आणि बाजारात भाव गेलाच. म्हणून ताडपत्री अशी आवळायची की वाऱ्यानं फडफडता कामा नये. पण एकट्या पोराच्या दंडात एवढी ताकद कुठून यायची? इथं एक गाठ मदतीला येते. दोराच्या मध्यावर एक फास करायचा, मोकळं टोक खालच्या आकड्यातून वळवून पुन्हा त्या फासातून ओढायचं. झाली कप्पी तयार! लाकडाची नाही, लोखंडाची नाही, नुसत्या दोराची. कागदावरच्या हिशेबानं ओढ तिप्पट होते. दोर दोरावर घासतो म्हणून प्रत्यक्षात ती कमी भरते, पण तेच घासणं गाठीला सुटूही देत नाही. जगभर ही गाठ ट्रकवाल्यांच्याच नावानं ओळखली जाते. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात कप्पीचा धडा असतो. हे पोरगं तो धडा रोज संध्याकाळी अंगावर घेऊन करतं.

तिसरा धडा घाटाचा, आणि तो सगळ्यात थरारक. खंबाटकीच्या जुन्या रस्त्यानं पुण्याहून साताऱ्याकडे येणारी गाडी घाट चढून येते. साताऱ्याहून पुण्याकडे जाणारी बोगद्यातून निघते आणि मग उताराला लागते, तिथं ते बदनाम 'एस' वळण आहे. उतारावर २८.५ टनांचं काय होतं, हे कधी मोजून पाहिलंय? गाडी १०० मीटर उंचीवरून खाली आली, की तिच्या वजनातून सुटणारी ऊर्जा सुमारे ९० लिटर पाणी उकळीपर्यंत तापवू शकेल. आंघोळीचे सहा-सात बंब! ही उष्णता कुठंतरी जायलाच हवी. नुसता ब्रेक दाबून उतरलात, तर ती सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये साठते. ड्रम तापून फुगतो, लायनिंगची पकड सुटते, आणि पायाखालचा ब्रेक एकदम 'हलका' लागायला लागतो. म्हणून जुना नियम असा, की ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनच गाडीला मागं ओढून धरतं आणि ब्रेकला श्वास घ्यायला फुरसत मिळते. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारा माणूस चार पैशांसाठी हा मदतनीस सोडून देत असतो.

ब्रेकचीच आणखी एक नवलाई. सकाळी गाडी सुरू केल्यावर वस्ताद लगेच का निघत नाही? "हवा चढू दे," म्हणतो. आपल्याला वाटतं, हवेनं ब्रेक लागतो. चालत्या गाडीचा पायाचा ब्रेक हवेनंच लागतो हे खरं. पण उभ्या गाडीचा ब्रेक अगदी उलटा असतो. तिथं एक दांडगी स्प्रिंग ब्रेक आवळून बसलेली असते आणि हवेचा दाब तिला मागं रेटून धरतो. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि चाकं जखडली जातात. बिघाड झाला तर गाडी धावत सुटू नये, जागच्या जागी थांबावी, अशी ही योजना. हवेच्या काट्याकडे बघत थांबलेल्या त्या दोन मिनिटांत किन्नर अभियांत्रिकीचं एक मोठं तत्त्व शिकतो. त्याला कुणी ते नावानिशी सांगत नाही, एवढंच.

चौथा धडा झोपेचा. रात्री दोन ते पहाटे पाचच्या दरम्यान माणसाच्या शरीराचं घड्याळ सगळ्यात खाली गेलेलं असतं. ड्रायव्हर कितीही पक्का असो, या वेळात डोळे उघडे ठेवून दोन-तीन सेकंदांची डुलकी लागू शकते. ताशी ६० च्या वेगात तीन सेकंद म्हणजे ५० मीटर. जवळपास चार कबड्डीची मैदानं, आणि गाडी कुणीच चालवत नाही! म्हणून किन्नरनं बोलत राहायचं. गावच्या जत्रेच्या, शर्यतीतल्या बैलांच्या, काहीही गोष्टी सांगायच्या, तंबाखू मळून द्यायची. दुसऱ्याला जागं ठेवणं हेही एक काम आहे आणि त्याची नोंद कुठल्याच पगारपत्रकात नसते.

पगाराचं नाव निघालंच आहे, तर या शाळेचा हिशेब बघू. तो धड्यांपेक्षाही चक्रावून टाकणारा आहे.

मालक खेप निघताना ड्रायव्हरच्या हाती खर्चाचे पैसे देतो: डिझेल, टोल, माल उतरवायची वाराई, जेवणखाण. किन्नरला कधी महिन्याचा ठरलेला आकडा मिळतो, कधी खेपेमागे काही, आणि सुरुवातीला बऱ्याचदा नुसती खुराकी आणि वर थोडे हातखर्चाला. हे पैसेही अनेकदा वस्तादाच्याच हातून येतात. म्हणजे गंमत बघा, विद्यार्थ्याचा पगार शिक्षकाच्या खिशातून! खेपेच्या खर्चातून जे वाचेल ते ड्रायव्हरचं, आणि किन्नर हाही त्या खर्चातलाच एक. या शाळेत विद्यार्थी फी भरत नाही असं वाटतं. प्रत्यक्षात तो रोज भरतो, अंगमेहनतीनं.

आता दुसरा पेच. पैसे खेपेवर मिळत असतील, तर थांबलेल्या वेळाचं काय? परमुलखातल्या गोदामाबाहेर गाडी लागली, पुढे वीस गाड्या. उसाच्या हंगामात कारखान्याच्या वजनकाट्यासमोर अख्खी रात्र रांगेत जाते. किन्नर टपावर ताडपत्री अंथरून झोपतो. झोपतो म्हणजे मालावर आणि डिझेलच्या टाकीवर राखण करतो. हा कामावर आहे की सुट्टीवर?

हा प्रश्न साता समुद्रापलीकडेही पोचलाय. अमेरिकेत नव्या ड्रायव्हरला अनुभवी ड्रायव्हरबरोबर आठवडेच्या आठवडे एकाच गाडीत पाठवतात. एक चालवतो तेव्हा दुसरा मागच्या बर्थवर पडतो. मग त्या पडून राहण्याची मजुरी द्यायची की नाही? २०१८ मध्ये अर्कान्सासमधल्या संघराज्य न्यायालयानं एका खटल्यात सांगितलं, की चोवीस तासांतले झोपेचे फार तर आठ तास वजा करा, बर्थवर त्याहून जास्त वेळ गेला तर तो कामाचा वेळ धरा. धावत्या गाडीत कोंडलेला माणूस आडवा असला, तरी तो काही घरी नसतो.

आपला कायदा काय म्हणत आला? १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा वाचताना मी दोनदा थबकलो. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास. लांब पल्ल्याच्या मार्गावर परवानगी घेऊन वाढवायचे तर दिवसाला दहा आणि आठवड्याला ५४, त्यापुढे नाही. नुसतं हजर राहण्याच्या वेळेचीही त्यात व्याख्या होती! पण हा कायदा लागू व्हायचा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायाला. एका गाडीचा मालक, त्याचा एक ड्रायव्हर, एक किन्नर. कामगार किती झाले? दोन. दोघेही उंबऱ्याच्या बाहेर. पुढे हा कायदा २०२० च्या कामगार संहितेत सामावून घेतला गेला.

याच्या शेजारी आणखी एक घड्याळ ठेवून बघा. मालाबरोबर जे ई-वे बिल असतं, त्याला २०० किलोमीटरमागे एक दिवस अशी मुदत असते. सांगली-दिल्ली अंतर दीड हजार किलोमीटरच्या पुढं, म्हणजे कागदाला निदान आठ दिवस मिळतात. युरोपात ड्रायव्हरलाही असंच घड्याळ आहे. साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबा, एरवी दिवसाला नऊ तासांच्या वर नाही, आणि गाडीतलं यंत्र ते टिपून ठेवतं. आपल्याकडे हळदीच्या पोत्याबरोबर घड्याळ जातं. पोत्यापुढे बसलेल्या दोन माणसांबरोबर जात नाही.

मग ही पोरं येतात कुठून आणि का? नकाशा बघा, उत्तर पावसात सापडतं. जत, आटपाडी, माण, खटाव हा सातारा-सांगली या दोन्ही जिल्ह्यांचा कोरडा पूर्वभाग. जमीन पोसत नाही तिथली माणसं पिढ्यान् पिढ्या रस्त्याला लागली. खानापूर-आटपाडीकडची सोनं-चांदी गाळायला देशभर गेली. पश्चिमेला पाटण-जावळीच्या डोंगरातली मुंबईच्या बाजारांत पाठीवर ओझी वाहायला गेली. काहींनी ट्रकचं दार धरलं.

यातल्या दोन वाटांची तुलना करून बघा. ट्रकमध्ये माल चढवणारा माथाडी आणि त्याच ट्रकवर बसून जाणारा किन्नर, दोघंही एकाच मातीतले, दोघांच्या मध्ये फक्त गाडीचं फाळकं. पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी माथाड्यांना संघटित केलं आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. मालकानं मजुरी मंडळात भरायची, मंडळानं ती कामगाराला द्यायची, वर भविष्य निर्वाह निधी आणि उपदान. मालक रोज बदलला तरी कामगाराचं खातं एकच राहतं. केवढी साधी आणि केवढी अफलातून युक्ती! ती फाळक्यापर्यंत आली आणि तिथंच थांबली. कारण माथाडी बाजारात शेकड्यांनी एकत्र भेटतात. किन्नर मात्र दर गाडीला एकच, आणि तोही सतत गावाबाहेर. ज्यांची कधी गाठच पडत नाही, त्यांची संघटना होणार कशी?

आणि ड्रायव्हर होण्याची अधिकृत वाट? ती अशी: आधी हलक्या वाहनाचा परवाना, तो निदान एक वर्ष जुना हवा. मग अवजड वाहनाचं शिकाऊ लायसन्स. मालवाहू वाहन चालवायला वय किमान २०. आठवी पासची अटही होती, ती २०१९ मध्ये काढली. मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये अवजड वाहनाचं शिक्षण किमान ३० दिवस, त्यात प्रत्यक्ष चालवणं निदान १५ तास. २०२१ च्या नियमांनी जी नवी मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रं आली, तिथं सहा आठवड्यांत ३८ तास, तेही वर्गातले धरून. अठराव्या वर्षी गाडीवर चढलेलं पोरगं नियमानं चाललं, तर स्टिअरिंग हाती येईपर्यंत त्याची दोन वर्षं डाव्या सीटवर जातात. मधल्या काळात काही जण छोटा हत्ती, मग आयशर अशी पायरी चढतात. आता सांगा, घाट, दोर, हवा, झोप आणि टायरचा आवाज या १५ तासांत कुठं मावणार? ते सगळं डाव्या सीटवर शिकायचं, असं आपण न बोलता गृहीत धरलेलं आहे.

आणि इथंच गोष्टीला कलाटणी मिळते. ती सीट रिकामी होत चाललीय.

एके काळी किन्नरची निम्मी धावपळ कागदांची असायची. जकात नाका आला की उडी मारायची, बिल्टी नाचवत रांगेत घुसायचं. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि उरलीसुरली जकातही गेली. २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला, टोलची खिडकी गेली. डाव्या अंगाला कॅमेरे आणि सेन्सर बसायला लागले. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या माल वाहतूकदारांनी संप केला, तेव्हा त्यांच्या मागण्यांत एक होती, अवजड गाडीवरची क्लीनरची सक्ती काढा. त्यांचं गणित चुकीचं नाही. काम उरलं नसेल, तर दुसऱ्या माणसाची खुराकी भाड्यातून काढायची कशी?

गाडी मात्र सुधारतेय. इंजिनच्या धगीवर बसून भाजून निघायचे दिवस सरत आलेत. २०२५ पासून नव्यानं बनणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं झालंय. म्हणजे डावी सीट पहिल्यांदाच थंडगार होतेय, नेमकी त्यावर बसणारा नाहीसा होत असताना.

यंत्र किन्नरची कामं करू शकेल, यात मला शंका नाही. टायरमधली हवा सेन्सर सांगेल, डावा कोपरा कॅमेरा दाखवेल. पण कामं करता करता एक ड्रायव्हर घडायचा, ते जास्तीचं काम कुठल्या सेन्सरकडे सोपवणार? किन्नर ठेवायचा नसेल तर नका ठेवू. मात्र मग त्या दोन वर्षांची शाळा दुसरीकडे कुठंतरी भरवावी लागेल, आणि तिथं शिकणाऱ्याला शिकतानाचा पगारही द्यावा लागेल. ही शाळा फुकट चालली, कारण तिचा खर्च जत-माणची पोरं उचलत होती.

राहता राहिलं ते १९६१ च्या कायद्यातलं दुसरं थबकायचं ठिकाण. मोटार परिवहन कामगार म्हणजे कोण, याची तिथं यादी आहे. ड्रायव्हर आहे, कंडक्टर आहे आणि त्यांच्या शेजारी, चक्क नावानं, क्लीनर आहे. त्याच व्याख्येत कामगार कुणाला म्हणायचं हे सांगताना कायद्यानं साध्या शब्दांत अर्थ सांगून ठेवलाय: त्याला मजुरी मिळत असो वा नसो.